माजघराच्या दाराचा पडदा

गणपतीच्या आधी आठवडाभर बेळगावच्या कोणत्याही गल्लीतून चक्कर मारली, तर माडीच्या कठड्यांवर, परड्यातल्या दोऱ्यांवर आणि पावसाची सर आलीच तर जिन्याच्या कठड्यावरसुद्धा घरोघरचे पडदे वाळत टाकलेले दिसतात. वाळत टाकलेले म्हणायचे इतकेच. आपल्याकडच्या श्रावण-भाद्रपदातल्या हवेत ते वाळतातच असे नाही. पूर्वी चुलीच्या वरच्या अंगाला दांडीवर टाकून ते सुकवीत आणि मग पाच दिवस बाप्पांना उदबत्तीबरोबर धुराचाही वास घ्यावा लागे. तरीही गणपतीला मळका पडदा चालत नाही, हा नियम घरातल्या बायकांनी कधी मोडला नाही.

हल्ली गल्लीतली घरे पाडून तिथे अपार्टमेंट उभी राहत आहेत, आणि नव्या घरात गेल्यावर पहिल्या महिन्यातच प्रश्न येतो: पडदे कसले लावायचे? खडेबाजारातल्या दुकानात गेले की दुकानदार नमुन्यांचे जाडजूड पुस्तक पुढे टाकतो. ते पुस्तक बेळगावात जे असते तेच पुण्यात आणि तेच दिल्लीत. आपल्या घराला काय शोभेल, हे त्या पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी आपल्या घरांना आजवर काय शोभले आणि का शोभले, हे पाहावे लागते. म्हणून हा उद्योग.

पहिली गोष्ट सांगितली तर काहींना नवल वाटेल. आपल्या जुन्या घरांत खिडकीला पडदा नव्हताच. गल्लीतले घर म्हणजे रुंदीला कमी आणि लांबीला खूप. दर्शनी कट्टा, मग सोपा, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परडे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याच्या भिंतींना चिकटलेल्या. खिडक्या काय त्या पुढच्या नाही तर मागच्या भिंतीला, त्याही लहान, लाकडी गजांच्या आणि फळ्यांच्या झडपांच्या. पावसाळ्यात झडपा बंदच. घरात उजेड यायचा तो वरून, चौक असेल तर चौकातून, नसेल तर कौलांत बसवलेल्या एखाद्या काचेच्या कौलातून. मंगळूरला बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती लाल कौले आपल्याकडच्या छपरांवर आली. त्याआधी नळीची कौले होती. उजेडच वरून येणार म्हटल्यावर खिडकीला पडदा लावून झाकायचे काय?

पडदा होता तो घराच्या आत. सोपा आणि माजघर यांच्यामधल्या दाराला. पुढे पाहुणे, देणेकरी, गुमास्ते, भटजी, गल्लीतले पंच. मागे घरातल्या बायका, पोरे, बाळंतीण आणि देव. घराच्या या दोन राज्यांच्या सीमेवर तो लटकत असे. ज्याला आपण आज 'इंटिरियर' म्हणतो त्यातले काही तेव्हा त्याच्या अंगी नव्हते. तो सजावटीसाठी नव्हता, आडोशासाठी होता.

'पडदा' हा शब्द फारशीतून आला. कन्नडात तोच 'परदे' झाला. पण वस्तू त्या शब्दाहून जुनी आहे. लग्नातला अंतरपाट घ्या. त्याला ना दांडी, ना खिळा, ना कडी. दोन माणसांनी दोन टोके धरायची आणि मंगलाष्टके संपली की सोडायची. दशावतारात आणि खालच्या कर्नाटकातल्या यक्षगानातही पात्राच्या प्रवेशाआधी दोघे जण हातात कापड धरून उभे राहतात; कन्नडात त्याला 'तेरे' म्हणतात. पूर्वी काही काळापुरता धरायचा तो पडदा, आणि कायमची हवी ती भिंत, असा साधा हिशेब होता. देवळात नैवेद्याच्या वेळी देवापुढे ओढतात तो पडदाही असाच काही क्षणांचा.

सरदार-जहागीरदारांच्या वाड्यांत गोष्ट निराळी. तिथे गोषा होता आणि गोषाबरोबर चिक होता. चिक म्हणजे बांबूच्या बारीक कामट्या दोऱ्याने गुंफून केलेला पडदा. आपल्याकडचे बुरूड, ज्यांना कन्नड भाषिक मेदार म्हणतात, ते हे काम करीत. चिकाची खुबी अशी की आतल्या अंधारातून बाहेरचा उजेडातला माणूस स्पष्ट दिसतो आणि बाहेरच्याला आतले काही दिसत नाही. रात्री आत समई लावली की हेच उलटे होते. मग आतून दुसरा जाड पडदा सोडावा लागतो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण फ्लॅटच्या खिडकीला लावतात त्या पातळ जाळीच्या पडद्यालाही हाच नियम लागू पडतो आणि दुकानदार तो सांगत नाही. दिवसा जाळीआड निवांत बसलेली मंडळी संध्याकाळी दिवा लागल्यावर समोरच्या इमारतीला नाटकासारखी दिसू लागतात.

गोषा सगळीकडे सारखा कडक होता, असे मात्र समजू नये. आपल्याच जिल्ह्यातल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी 1824 साली इंग्रजांशी लढाई दिली. कलेक्टर थॅकरे त्या लढाईत पडला. बेलवडीच्या मल्लम्मांची कथा त्याहून दीड शतक आधीची, शिवछत्रपतींच्या काळातली. आणि शेतकरी, विणकर, बाजारात बसणाऱ्या बायका यांना पडदा परवडणाराच नव्हता. मधल्या थरातल्या घरांत, म्हणजे तुमच्या-आमच्या घरांत, गोषा नव्हता पण पडदा होता. सोप्यात पुरुषमंडळी बसली की सुना पडद्यापर्यंत येत, पुढे येत नसत. जमिनीचा व्यवहार, मुलीचे स्थळ, भावकीचा वाद, सगळे त्या कापडाच्या आडून ऐकले जाई. मत कोणी विचारीत नसे. पण रात्री जेवताना ते सांगितले जाई आणि दुसऱ्या दिवशी सोप्यातला निकाल पुष्कळदा त्याप्रमाणेच फिरे. आपल्या घरांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी सोप्यातल्या बैठकीवर पाने भरली. पडद्यामागे उभ्या राहिलेल्यांचे कोणी लिहून ठेवले नाही.

खिडकीला पडदा आपल्या भागात आणला तो कॅम्पाने. बेळगावचा किल्ला 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला आणि त्यानंतर काही वर्षांत पश्चिमेकडच्या उंच, मोकळ्या जागेवर छावणी वसली. अडीच हजार फूट उंचीची थंड हवा गोऱ्यांना मानवली. त्यांचे बंगले आपल्या घरांच्या अगदी उलटे: चारही बाजूंनी मोकळे, भोवती व्हरांडा, उंच छत आणि माणसाएवढ्या खिडक्या. एवढ्या खिडक्यांतून ऊन, वारा आणि माळ्याची नजर आत येणार, म्हणून व्हरांड्याला चिक आणि खिडकीला कापडी पडदा. विजापूर-सोलापूरकडे उन्हाळ्यात वाळ्याचे ताटे लावून त्यावर पाणी मारीत. आपल्याकडे त्याची फारशी गरज पडली नाही. कॅम्पातल्या गोवेकर ख्रिस्ती कुटुंबांनी खिडक्यांना क्रोशाच्या जाळ्या लावल्या, आणि क्रोशाची सुई पुढे गल्लीतल्या मुलींच्याही हाती आली. रेडिओवर, ट्रंकेवर, पाण्याच्या माठावर जाळीची झाकणे आली ती याच वाटेने.

दिवाणखान्यातला मखमली, दोन्ही बाजूंना ओढून गोंड्याने बांधलेला पडदा मात्र साहेबाकडून थेट आला नसावा. आमच्या मते तो नाटकातून आणि चित्रांतून आला. सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' केले. आपले शहापूर त्या वेळी सांगली संस्थानातच होते, ब्रिटिश बेळगावला लागून असूनही वेगळे. हे तरुण पिढीला सांगावे लागते. त्याच 1843 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. त्यांनी बेळगावात शिक्षकी केली आणि 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. संगीत नाटकाबरोबर रंगवलेले पडदे आले: राजवाडा, अरण्य, रस्ता, नदीकाठ. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मेस्त्री बंधूंनी 1910 नंतरच्या काही वर्षांत नाटक कंपन्यांसाठी असे पडदे रंगवून नाव कमावले; पुढे बाबूराव चित्रपटांकडे वळले. नाटक कंपनी गावात मुक्कामाला आली की लोक गाण्यांइतकेच पडदे पाहायला जात. दुसरीकडे राजा रविवर्म्यांच्या छापखान्याची चित्रे 1894 नंतर घरोघरी पोचू लागली. त्या चित्रांतल्या काही देवींच्या पाठीशी जाड, चुण्यांचा, बाजूला ओढलेला पडदा असे. फोटो स्टुडिओतही तसाच. ज्या घराला खिडकी एकच आणि तीही गजांची, त्या घरातल्या माणसाने आपला लग्नाचा फोटो मखमली पडद्यापुढे काढून घेतला. टिळकवाडीत बैठे बंगले झाले, काचेची तावदाने आली, तेव्हा फोटोतला पडदा घरात आला.

आता कापडाचे. हा आमच्या मते या विषयाचा गाभा आहे, कारण पडद्याच्या नमुन्यात बाहेरचे वारे आले, पण कापड फार वर्षे घरचेच होते. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा पट्टा. तिथे साडी-लुगडी निघत. पूर्वेला इलकल, गुळेदगुड्डचा खण. जिल्ह्यातच घटप्रभेच्या धबधब्याच्या जोरावर गोकाकची सूतगिरणी 1880 च्या दशकात सुरू झाली. निपाणीच्या बाजूने पाहिले तर इचलकरंजी जवळ. तिथे विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग चालवला आणि जहागिरीचे गाव कापडाचे गाव झाले. हुदलीत गंगाधरराव देशपांड्यांच्या प्रेरणेने खादीचे काम उभे राहिले. 1924 साली बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरवण्यात गंगाधररावच पुढे होते, आणि 1937 साली गांधीजी हुदलीलाही येऊन राहिले. काही घरांत दारांना खादीचे पडदे आले ते या हवेत. ते टिकाऊ खरे, पण पावसाळ्यात ओले झाले की दोन माणसांनी पिळायचे.

असे चहूकडून माग असताना पडद्यासाठी म्हणून वेगळे कापड मात्र कोणी विकत घेत नसे. पडदा म्हणजे लुगड्याचा पुढचा जन्म. नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर. दार सात फुटांचे, म्हणजे वरची नळी आणि खालची मुडप धरून एका पाटाला सुमारे दोन मीटर चाळीस सेंटिमीटर. एका लुगड्यात तीन पाट बसतात आणि मीटरभर तुकडा उरतो. त्याची देव्हाऱ्याला झालर. पन्हा पंचेचाळीस ते पन्नास इंच, दार तीन फुटांचे, तेव्हा एका दाराला एक पाट पुरे. चुण्या फार पडत नाहीत, पण कापड ताणलेलेही दिसत नाही. इलकलचे असेल तर काठ उभे दोन्ही बाजूंना येतात आणि दाराला आपोआप चौकट मिळते. त्याच्या पदराचा रेशमी ताणा अंगाच्या सुती ताण्याला फासे एकमेकांत अडकवून जोडलेला असतो, 'टोपे टेणी' म्हणतात त्याला. तो जोड पडद्यात मधोमध आला तर ओझ्याने आधी तिथेच विरतो. म्हणून पदर वेगळा काढून ठेवीत. त्याची दुपट्याला किनार होई किंवा गौरीच्या मागे तो लागे. हे गणित लिहून ठेवलेले नव्हते, पण घरातल्या प्रत्येक म्हातारीला येत होते.

आमच्या शहापूरच्या घरी माजघराच्या दाराला आजीच्या लुगड्याचा पडदा होता, जांभळ्या रंगाचा, लाल काठाचा. आजी गेल्यावर घर दोन भावांत वाटले गेले. वाटणी सोप्याच्या मधून झाली. भिंत घालायला कोणाचे मन होईना आणि पैसाही नव्हता, म्हणून सोप्याच्या तुळईला तार बांधून तोच पडदा दुसऱ्या दोन पाटांसह आडवा सोडला. अलीकडे थोरले, पलीकडे धाकटे. त्या वेळी आम्ही लहान होतो. पलीकडच्या घरात काय भाजी आहे ते वासाने कळे, चुलतभावाची परीक्षेची घोकंपट्टी इकडे पाठ होई, आणि मोठ्यांचे बोलणे बंद असले तरी पडद्याखालून गोट्या, पेन्सिली आणि बेसनाचे लाडू सर्रास जात. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. तो तसा का ठेवला हे आईला पुढे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "केरसुणी फिरायला नको?"

गणपतीच्या आदल्या दिवशी दोन्ही भाऊ एकमेकांशी न बोलता स्टुलावर चढत आणि तारेच्या दोन टोकांच्या कड्या काढीत. पडदा धुऊन मखराच्या मागे लागे. पाच दिवस सोपा सलग. आरतीला सगळे एका रांगेत. विसर्जनाहून कपिलेश्वराच्या तलावावरून परत आले की रात्रीच तार पुन्हा ताणली जाई. असे सात वर्षे चालले. आठव्या वर्षी हातात पैसे आले आणि विटांची भिंत उभी राहिली. भिंत काढता येत नाही. तेव्हापासून गणपती एक वर्ष इकडे आणि एक वर्ष तिकडे बसतो. आमच्या पिढीत बोलणे पुन्हा सुरू झाले, जाणे-येणे आहे, पण सोपा काही परत सलग झाला नाही. हे केवळ आमच्या घरचे नाही. शहापूर, होसूर, अनगोळ, कुठेही जुन्या घरात पाहा. सोप्याची खिडकी अर्ध्यात कापून मधून गेलेली भिंत दिसेल, आणि तिच्या वर तुळईला गंजलेला एखादा खिळा.

निपाणीची तऱ्हा थोडी वेगळी. तिथे पाऊस बेळगावपेक्षा कमी, उन्हाळा कडक आणि गाव तंबाखूचे. वखारींतून तंबाखू चाळताना, भरताना जी पूड उडे ती घराघरांत जाई. वखारीत दिवसभर राबलेल्या बायका घरी येत तेव्हा लुगड्यांतही तो खाट असे. अशा गावात जाड, चुण्यांचा पडदा म्हणजे शिंकांचे कोठार. म्हणून तिथल्या घरांत पडदे पातळ, आखूड आणि आठवड्याला धुण्यासारखे. गरिबांच्या दाराला गोणपाटाचे किंतान. ते पाणी मारून ओले ठेवले की उन्हाळ्यात गारवा आणि धुळीला आडकाठीही. निपाणकर देसायांच्या वाड्याचा थाट पाहून निपाणीची कल्पना करणाऱ्यांनी ही किंतानेही ध्यानात घ्यावीत. गावाची खरी वस्ती त्यांच्यामागे होती. आज हायवेकडेच्या नव्या वसाहतींत तंबाखूच्या जागी रस्त्याची धूळ आहे, आणि उपाय तोच आहे.

अर्धा पडदा ही आमच्या मते गल्लीच्या घराची सर्वांत शहाणी युक्ती. स्वातंत्र्यानंतर गल्लीतल्या घरांनी पुढच्या भिंतीला मोठ्या खिडक्या पाडल्या. खिडकी थेट रस्त्यावर, जाणाऱ्याची नजर थेट आत. पूर्ण पडदा लावला तर सोपा काळोखा. म्हणून खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला स्प्रिंगच्या तारेवर पडदा. वरून उजेड, खालून आडोसा. कापड लागते दीड मीटर. ती स्प्रिंगची तार दोन वर्षांत सैल पडून पडदा पोटासारखा खाली येतो, हा त्यातला एकच दोष. तार दोन बोटे कापून पुन्हा ताणायची, की झाले.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत मण्यांच्या पडद्यांची लाट आली ती वाचकांना आठवत असेलच. काचेच्या नळ्या, प्लॅस्टिकचे मणी, आणि ज्यांना तेही महाग त्यांच्याकडे जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेच्या पट्ट्या कापायच्या, सुईवर गुंडाळून चिकटवायच्या, वर वार्निश आणि तारेच्या कड्यांनी माळा करायच्या. एका दाराला शेकडो पत्रिका लागत. एका घरात आम्ही असा पडदा पाहिला होता. जवळ जाऊन पाहिले की एखाद्या गुंडाळीवर 'चि. सौ. कां.' एवढेच वाचता येई. आडोसा म्हणून हा पडदा अगदीच कुचकामी, आणि त्यातून जाताना बायकांचे केस अडकत. पण सोपा-माजघराची जुनी सीमा त्यानेच पहिल्यांदा हसत हसत मोडली. त्यातून आरपार दिसत होते, आणि आता ते कोणाला खटकत नव्हते. मुली शिकत होत्या, सुना नोकरीला जात होत्या, त्याच सोप्यात बसून शाळेच्या वह्या तपासत होत्या.

जाता जाता आमच्या सरकारी कचेऱ्यांविषयीही सांगितले पाहिजे. घरातला पडदा मोडला तरी कचेरीतला शाबूत आहे. साहेबाच्या दाराला पडदा असतो, कारकुनाच्या नसतो. बढतीचा हुकूम येण्याआधी शिपाई पडद्याचे माप घेऊन जातो, अशी आमच्याकडे म्हणच आहे.

नव्वदनंतर सुरतेचे पॉलिस्टर आले आणि सगळे बदलले. ते स्वस्त, रंग पक्का, आटत नाही, आणि आपल्या पावसात एका रात्रीत सुकते. या शेवटच्या गुणाला आम्ही मनापासून मान देतो. पण घरे बदलली तसे त्याचे दोषही उघडे पडले. फ्लॅटच्या पश्चिमेच्या खिडकीतून पावसाळ्यात झड येते आणि एप्रिलमध्ये संध्याकाळचे ऊन. तिथे जमिनीला टेकणारा, अस्तर लावलेला जाड पडदा लावला की जुलैत अस्तर आणि कापड यांच्यामध्ये काळी बुरशी धरते. त्या खिडकीला चौकटीच्या खाली चार बोटे येईल इतकाच पडदा हवा, अस्तराशिवाय. अस्तर लावायचेच तर सुटे, कड्यांवर अडकवायचे. जूनमध्ये काढून ठेवावे आणि दसऱ्याला परत लावावे. बाल्कनीचे मोठे दार असेल तिथे उंच पडदा शोभतो, पण जमिनीपासून बोटभर वर. केरसुणीचा न्याय फ्लॅटलाही आहे. कापडाची रुंदी खिडकीच्या दुप्पट धरावी. दुकानदार तिप्पट सांगतो. सुती घ्यायचे तर शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढून वाळवावे, कारण ते आटते, आणि तळाला चार इंच मुडप ठेवावी, म्हणजे आटले तरी उसवून खाली सोडता येते. परकराची मुडप ठेवण्यात आपल्या आया-आज्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. तेच काम आहे. लहान हॉलला मोठ्या फुलांचा पडदा लावून तो आणखी लहान करू नये. आणि देवघर स्वयंपाकघराच्या कपाटात गेले असेल तर त्याला तेवढा लुगड्याचा तुकडा लावावा, ही आमची विनंती समजा.

या सगळ्यात मनाला लागते ती गोष्ट अशी. आमच्या खिडकीला सुरतेचे कापड लटकते आणि त्याच खिडकीतून दिसणाऱ्या वडगावात माग बंद पडत आहेत. टाळेबंदीच्या दोन वर्षांत साड्यांचा उठाव गेला, सुताचा भाव चढला, कर्जे थकली, आणि काही विणकरांनी जीव दिल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या. त्यांत मराठी बोलणारे होते, कन्नड बोलणारे होते. सीमेचा वाद आपल्या पिढीला नवा नाही, 1956 पासून तो घरात आहे. पण मागाचा आवाज बंद होतो तेव्हा तो दोन्ही भाषांत सारखाच बंद होतो.

गेल्या मे महिन्यात वडगावातल्या एका ओळखीच्या मागवाल्याला आम्ही विचारले, साड्यांच्या मागावर पडद्याचे कापड निघेल का? तो हसला. "निघतंय की. पण एका खिडकीपायी ताणा कोण घालतंय सायेब?" मग त्याने नीट समजावून सांगितले. ताणा एकदा मागावर चढवला की तो संपेपर्यंत तेच कापड निघते. रंग बदलायचा तर आडव्या सुताचा बदलता येतो, उभ्याचा नाही. मागाचा पन्हा साडीचा, म्हणजे रुंद खिडकीला दोन पाट जोडावे लागतील. पण काठ मधोमध आला तर जोड झाकतो. रेशीम नको, सुती किंवा सुती-पॉलिस्टर मिसळ घ्या, म्हणजे पावसात सुकेल. पदर विणायचा नाही, त्यामुळे मजुरी कमी. एक घर आले तर जमणार नाही, पण दहा-बारा घरांनी मिळून एकच उभा रंग ठरवला तर तो विणून देईल, आणि प्रत्येकाला आडवा रंग आपला आपण निवडता येईल.

उभा रंग कोणता, यावर मंडळाच्या दोन बैठका झाल्या. महिला मंडळाने जांभळा सुचवला, तरुणांना राखाडी हवा होता. शेवटी मोतिया ठरला, कारण त्यावर कोणताही आडवा रंग चालतो, असे मागवाल्याचेच म्हणणे पडले. मापे घेण्याचे काम आमच्याकडे आहे. हा लेख छापायला देईपर्यंत सात घरांच्या खिडक्या लिहून झाल्या आहेत, त्यांत चुलत्यांच्या घराच्या दोन. ज्यांना यादीत यायचे असेल त्यांनी विसर्जनापूर्वी मंडपात भेटावे; येताना खिडकीची रुंदी इंचांत लिहून आणावी आणि ती पश्चिमेला आहे का, तेही.